मोजणीच्या कागदावरची जना

ये गं, अशी जवळ सरक. उंबऱ्याशी काय टेकतेस पाव्हणीसारखी? आणि आधी एक सांग, इतक्या महिन्यांत एकदाही वाट वाकडी करून आली नाहीस, म्हातारी आहे की गेली एवढं तरी बघावं माणसाने. असू दे, रागवत नाही. आज मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर रागवायचा हक्क तुझा, माझा नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, दोन्ही मुलांना नाही. देवापुढे दिवा लावते तेव्हासुद्धा मी ह्याला वळसा घालूनच बोलते — मुलांना सुखी ठेव, सांधे दुखतात ते बघ, असलं काहीबाही. तोंडाने सांगायला गेले की भलत्याच गावाला पोचते, म्हणून लिहायला बसले. तू समोर आहेस असं धरून लिहिते. मधे मधे घसरेन, सांभाळून घे.

इकडे गुजराती मुलखात, गोडादऱ्याला आम्ही आलो तेव्हा इथे सगळा चिखल आणि बाभळी. शहर म्हणावं तर नाही, गाव म्हणावं तर तेही नाही. शिंदखेड्याकडची, अमळनेरकडची माणसं एकमेकांचा पत्ता धरून येत गेली आणि आमची गल्ली झाली — तीसेक घरं, सगळी लूम्सवर, म्हणजे यंत्रमागांवर पोट असलेली. इथे लूम्सच्या कारखान्याला खातं म्हणतात. पुरुष सायकलीने खात्यात जायचे, बारा बारा तासांची पाळी. आणि बायका? बायकांचं सांगते पुढे. तिथेच तर यायचं आहे मला.

मी शाळेत गेलेली नाही, एक दिवससुद्धा. मराठी अक्षरं भावाच्या पाटीवर शिकले, तो पाठ म्हणायचा तेव्हा मागे उभी राहून. गुजराती शिकले ते थोरल्याच्या पहिलीच्या पुस्तकावरून आणि भज्यांच्या पुडीच्या कागदांवरून. पुडी सोडवली की आधी कागद वाचायचा, मग भजी. ह्यांची चेष्टा असायची, की हिच्या भज्यांना तेल कमी आणि शाई जास्त लागते. पण आलं मला. गल्लीत बाईमाणसाला वाचता येणं म्हणजे तेव्हा केवढं मोठं! कुणाची रेशनची चूक, कुणाचं शाळेचं नाव, कुणाच्या गावाकडच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्याकडे. सगळे मला जिजी म्हणायचे. आमच्या घरांना धड नंबर नव्हते, म्हणून पोस्टमन रमणभाई अख्ख्या गल्लीचं टपाल माझ्या ओट्यावर टाकून निघून जायचा. मी ते वाटायची. वाटायच्या आधी — आता काय लपवायचं — पोस्टकार्डं वाचूनही घ्यायची.

मला ते आवडायचं गं. हे आधीच सांगून ठेवते. नंतर मी कितीही कारणं दिली तरी हे विसरू नकोस.

प्लेगची साथ आली त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. रमणभाईने एक दिवस गठ्ठाच टाकला. प्रत्येक घराच्या नावाने एकेक जाड लिफाफा, आत चार पानी छापील फॉर्म, गुजरातीत, आणि परत पाठवायला दुसरा लिफाफा, ज्याला तिकीट लावायची गरज नव्हती. शहरात कोण कुठून कुठे जातं, कशाने जातं, त्याची मोजणी चालू होती. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव, वय, अमुक दिवशी घरातून किती वाजता निघाला, कुठे गेला, पायी की सायकलने की रिक्षाने, परत कधी आला. लहान लहान चौकोन होते. मला ते चौकोन फार आवडले. एवढा नीट छापलेला कागद आमच्या गल्लीच्या नावाने कधी आला नव्हता.

लोकांनी काय केलं? जे नेहमी करायचे तेच. लिफाफा घेऊन माझ्याकडे. जिजी, तूच लिहून टाक. काहींनी तर उघडलासुद्धा नाही, ओट्यावर ठेवून गेले. काही घाबरलेले होते, की नावं लिहून घेतात आणि उद्या झोपडी पाडायला येतात. मी म्हटलं, द्या इकडे.

दोन दुपारी बसले आणि सगळे भरले. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. मला विचारायची काय गरज — कोण कधी निघतं, कुणाची पाळी दिवसाची, कुणाची रात्रीची, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत. पुरुषांचं सगळं बरोबर लिहिलं. नाव, खातं, सायकल, वेळ. आणि बायकांच्या पुढे एकच लिहीत गेले — घरकाम. घरातून बाहेर फेऱ्या, शून्य.

आता ऐक. आमच्या गल्लीतल्या दहा-बारा बायका रोज कामाला जायच्या. उधन्याकडच्या खात्यांत कुणी बॉबिन भरायला, कुणी साड्यांचे धागे कापायला, कुणी घड्या घालायला. पहाटे साडेपाचला रांगेने निघायच्या, खाडीच्या काठाकाठाने, मग रेल्वेच्या खालचं गरनाळं ओलांडून — गरनाळं म्हणजे रुळांखालचा बोगदा — तासाभराची वाट, पायी. संध्याकाळी तशाच परत. हे गल्लीला माहीत होतं, पण गल्लीच्या बाहेर कुणी बोलायचं नाही. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. गावाकडून पाव्हणे आले, सोयरिकीची बोलणी निघाली, की पहिला प्रश्न — बाई कामाला जाते का? आणि उत्तर ठरलेलं, नाही हो, आमच्या घरातली बाई दाराबाहेर पाऊल टाकत नाही. पाव्हणे असले की त्या दिवशी खाडा. गावाला कुणी कळवायचं नाही. मग सरकारच्या कागदावर कसं लिहायचं? कागद म्हणजे कायमचं. मी तर म्हटलं, मी गल्लीची अब्रू राखतेय.

पटलं तुला? मला पण पटलं होतं. पुष्कळ दिवस पटत राहिलं. पण गोष्ट इथे संपली असती तर तुला इतकं जवळ बोलावलं नसतं.

महिना-दीड महिना गेला आणि एक मुलगी आली. हेतल नाव तिचं. कॉलेजात शिकणारी, पायात सँडल, हातात कागद अडकवलेली पाटी, घामाने डबडबलेली. मोजणीच्या साहेबांनी पाठवली होती. मी तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. ती मला मासी म्हणायला लागली, म्हणजे मावशी. म्हणाली, मासी, सगळ्या शहरात फॉर्म पाठवले, बहुतेकांनी केराच्या टोपलीत टाकले, पण तुमच्या गल्लीतून एकूण एक परत आला. आणि सगळे एकाच हाताने लिहिलेले. साहेबांना शंका आहे. म्हणून मी चार-पाच घरी समोरासमोर विचारणार, आणि फॉर्मवर आहे तेच उत्तर आलं तर तुमच्याकडचे कागद खरे धरणार.

मग तिने विचारलं, अक्षर कुणाचं? मी म्हटलं माझं. किती सुंदर आहे, म्हणाली. किती शिकलात? — सातवी, मी म्हटलं. कशी पटकन बोलले बघ. सातवी! शाळेचं दार माहीत नाही आणि सातवी. मग तिने विचारलं, प्रत्येक घराने आपापलं सांगितलं ना, तुम्ही फक्त लिहिलं? मी म्हटलं, एकेक जण इथे माझ्यासमोर बसला, विचारून विचारून लिहिलं.

हे दुसरं खोटं. तेही लहानच. लहान लहान खोटी कशी असतात, धाग्याच्या गुंत्यासारखी — छे, उपमा कसली देत बसले मी. भीती वाटते पुढे जायची, म्हणून.

निघताना तिने एक गोष्ट सांगितली. हे नीट लक्षात ठेव, कारण ह्यानंतर मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरली नाही. ती म्हणाली, मासी, ह्या कागदांवरून नव्या बसचे रस्ते ठरणार. जिथून जास्त माणसं पायी कामाला जातात तिथे सकाळची बस आधी. तुमच्याकडचे पुरुष तर सगळे सायकलवाले दिसतात, आणि बायका घरीच. तुमच्याकडे बसची गरज कमीच म्हणायची.

मी ऐकलं. तिथेच, पंख्याखाली. मान हलवली.

तिला आमची अहिराणी येत नव्हती, म्हणून मी तिच्याबरोबर फिरले. ती गुजरातीत विचारायची, मी आमच्या बोलीत सांगायची, उत्तर परत गुजरातीत करून द्यायची. चार घरं सहज झाली. तिथल्या बायका खरोखरच घरी असायच्या, तीन म्हाताऱ्या, एक बाळंतीण. पाचवं घर जनाचं.

जना कोण ते सांगते. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सावळी, उंच, दात थोडे पुढे, आणि जीभ म्हणजे कात्री. कुणाचीही नक्कल करायची. माझी पण — मी चष्मा नाकावर ओढून पत्र कशी वाचते ते करून दाखवायची, आणि गल्ली लोटपोट. तिचा नवरा लूमवर होता, दारू नाही, व्यसन नाही, पण छाती कमजोर, महिन्यातले दहा दिवस अंथरुणात. घर जनाच्या पायांवर चालायचं. शब्दशः पायांवर. एकच मुलगी, सुनीता, तेव्हा नऊ वर्षांची. जनाने मला विचारून तिला शाळेत घातलं होतं. फॉर्म मीच भरला होता, तोही. त्या दिवशी तिच्या खात्यात वीज नव्हती म्हणून ती घरी होती.

बसचं नाव तिने ऐकलंच असणार, कारण गल्लीत पोरं ओरडत फिरत होती, बस येणार, बस येणार. हेतलने पाटी सरसावली तशी जना पदर खोचून दारातच बसली आणि तिने विचारायच्या आधीच सुरू झाली. "लिखी ले बहीण, साडेपाचले निंघस मी. पायेपाय. तासभर." गरनाळ्यात गुडघाभर पाणी कसं भरतं, मग रुळांवर चढून कसं जावं लागतं, पहाटे खाडीकाठी कुत्री कशी मागे लागतात, उशीर झाला की खात्याचं दार कसं बंद करतात — सगळं हातवारे करकरून सांगत होती. हसत होती. तिला वाटलं, पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या चालण्याचं लिहून घ्यायला आलंय.

हेतल माझ्याकडे बघत होती. हातात जनाचा फॉर्म, माझ्या अक्षरातला. घरकाम. शून्य.

आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं, "ए तो घेर ज रहे छे." ही तर घरीच असते. मग भर घातली, की ती सांगतेय तिच्या नवऱ्याचं, तो पहाटे निघतो म्हणून तिलाही उठावं लागतं.

हेतलने टिकमार्क केला.

जनाला गुजराती येत होती. अगं, पाच वर्षं गुजराती शेठच्या खात्यात काम करत होती ती! मीच घाईत विसरले, की विसरायचं ठरवलं, देव जाणे. हात हवेत होते तिचे, ते खाली आले. माझ्याकडे बघितलं. मी तिच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ती बोलू शकत होती. एक वाक्य बोलली असती तर झालं असतं. नाही बोलली. जिजी खोटी पडेल, परक्या मुलीसमोर — म्हणून नाही बोलली. माझी अब्रू तिने राखली, तिथल्या तिथे, स्वतःचे पाय गहाण टाकून.

तेव्हा सांग, मी कुणाची अब्रू राखत होते? गल्लीची? सोयरिकीला आलेले पाव्हणे काय मोजणीच्या कचेरीत जाऊन कागद चाळणार होते? नाही गं. मला फक्त त्या मुलीसमोर पकडलं जायचं नव्हतं. सुंदर अक्षर, सातवी शिकलेली मासी. तेवढ्यासाठी. पानभर सांगितलं मी तुला अब्रूचं, ते सोडून दे. खरं एवढंच आहे.

संध्याकाळी नळावर जनाने चेष्टा केली. "जिजी, मी घर बठेल शे, तं माले पगार कोन देस वं?" बायका हसल्या. मी पण हसले. मग ती माझी घागर उचलून माझ्या दारापर्यंत ठेवून गेली, नेहमीसारखी. त्या घागरीतलं पाणी आम्ही प्यायलो.

नंतर हेतलचं कार्ड आलं. तुमच्या गल्लीची उत्तरं तंतोतंत जुळली, साहेब खूश झाले, टपालाने आलेल्या माहितीवर विश्वास ठेवता येतो असं त्यांना वाटलं, तुमच्यामुळे. असं लिहिलं होतं. मी ते कार्ड सगळ्यांना दाखवलं. जनालासुद्धा. तिने दोन्ही हातांनी धरून बघितलं आणि परत दिलं.

दोन वर्षांनी नव्या बसगाड्या सुरू झाल्या. आमच्याकडे नाही आली. त्या रस्त्याने कुणी पायी कामाला जात नाही ना, कागदावर. बस आली असती का? खरं लिहिलं असतं तरी आली असती का? ह्यांच्यासारखा माणूस म्हणेल, आमच्याकडे कोण बस पाठवतं. असेल तसं. पण हा प्रश्न विचारायचा हक्क जनाचा होता, आणि तो मी पुसून टाकला.

पुढच्या पावसाळ्यात गरनाळं भरलं. बायका एकमेकींचे हात धरून पाण्यातून चालल्या होत्या. खाली गटाराचं झाकण निघालेलं होतं, कुणाला दिसणार? जनाचा पाय गेला आत, मांडीपर्यंत, आणि वरचं अंग वाकडं पडलं. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सळी घातली, ती बसली नाही, परत काढली, परत घातली. दोन महिने मी डबा नेत होते. मला वाटायचं आज सांगावं. तिच्या उशाशी बसून केस विंचरून द्यायची, वेणी घालायची, आणि सांगायची काय? कुणाची सून पळाली, कुणाच्या घरी म्हैस व्याली. ती पण ऐकायची. तिने कधी विषय काढला नाही. मी मनाशी म्हणायची, विसरली असेल. असं विसरतं का कुणी?

जना उठली ती काठी घेऊनच. दारापासून नळापर्यंत जाते, तेवढंच. खात्याने दुसरी बाई ठेवली. नवऱ्याची छाती तशीच. तुला वाटत असेल आता मी काय सांगणार ते — हो. तेच. सुनीता सातवीत होती. खरी सातवी. ती शाळेतून काढली आणि आईच्या जागी त्याच बायकांबरोबर जायला लागली. पहाटे साडेपाचला. मी ओट्यावर केर काढत असते तेव्हा समोरून जाते. जिजी, येते, म्हणते. डब्याची पिशवी तिच्या आईचीच आहे.

मागच्या महिन्यात परत लिफाफे आले. नवी मोजणी. रमणभाई आता नाही, त्याच्या जागी नवा माणूस आहे, पण त्यानेही गठ्ठा माझ्याच ओट्यावर ठेवला. मी रात्रभर — नाही, एवढं नाटक नको, झोपले मी, पण सकाळी ठरवलं. ह्या वेळी घरोघर जायचं. प्रत्येक बाईला विचारायचं, जे सांगेल ते लिहायचं.

गेले. लोक म्हणाले, मागच्या वेळी लिहून काय झालं? फॉर्मावर लसूण सोलत होत्या बायका. एकीने चूल पेटवली. कुणी सांगायला तयार नाही. त्या वेळी एकूण एक कागद गेला आणि त्यातल्या बायका खोट्या होत्या. आता खरं लिहायला बसले तर कागदच कोरे.

शेवटी जनाकडे गेले. ती खाटेवर साड्यांना लावायच्या टिकल्या निवडत होती. मी फॉर्म मांडीवर घेतला आणि म्हटलं, जना, तू सांग, मी लिहिते. ह्या वेळी तू म्हणशील तेच. 

ती म्हणाली, "मनं शून्य लिख, जिजी. आते ते खरं शे."

टोमणा नव्हता गं. टोमणा असता तर मी सुटले असते थोडी. साधं सांगत होती, बाजाराला काय आणायचं ते सांगावं तसं. मी शून्य लिहिलं.

मग सुनीताचा चौकोन आला. वय तेरा. मी पेन धरून थांबले. खरं लिहायचं म्हणजे साडेपाच, पायी, खातं. पण तेरा वर्षांची पोरगी खात्यात, असं कागदावर गेलं तर? खात्यावर कुणी आलं, पोरीला काढून टाकलं तर? घरात दुसरं काय येतं? जना माझ्या पेनाकडेच बघत होती.

"शाळा लिख," ती म्हणाली.

मी लिहिलं. शाळा. निघायची वेळ साडेदहा, चालत, पंधरा मिनिटं, परत साडेपाच. माझं अक्षर अजून चांगलं आहे. लिफाफा चिकटवला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकला. गल्लीतून ह्या वेळी तो एकच गेला.

तेव्हा तिच्याकडे क्षमा मागावी, असं तुला वाटेल. नाही मागितली. चहा प्यायले आणि घरी आले. आजपर्यंत मागितलेली नाही, आणि लिहून दाखवायचं धाडस झालं म्हणून उद्या मागेन असंही नाही. ती अजून मला जिजीच म्हणते, आणि मी ते ऐकून घेते. एवढंच आहे. ह्याच्या खाली आणखी काही नाही.

तू मात्र येत जा गं. लवकर ये, दिवाळीची वाट बघू नकोस. मोठ्या रस्त्यावर उतर आणि तिथून चालत ये, अर्धा तास लागेल, दुसरं काही मिळत नाही.